पक्षाघातानंतरचे आयुष्य कसे असेल, हे आधीच सांगता येते का?

मृणाल, सातारा

नमस्कार. माझे बाबा ६८ वर्षांचे असून माध्यमिक शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. रात्री जेवून नेहमीसारखे झोपले आणि पहाटे आईने हाक मारली तेव्हा त्यांना उठताच येईना. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. झटका नेमका केव्हा आला हे कोणालाच सांगता न आल्याने गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले नाही. आज दहावा दिवस आहे. दाखल करताना झटक्याची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएच श्रेणीवर त्यांचे १७ गुण होते, आता १३ आहेत असे कागदावर लिहिले आहे. गिळण्याचा त्रास कमी झाल्यामुळे नाकातली नळी काल काढली. आम्ही बोललेले त्यांना बरेचसे समजते असे वाटते, पण ते स्वतः एखादा शब्दच उच्चारतात.

घरी सोडण्याची तयारी चालू असताना डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितले की तीन महिन्यांनी हे बहुधा "रॅन्किन ४" या पायरीवर असतील, तेव्हा मनाची तयारी ठेवा. ते शांतपणे आणि आपुलकीने बोलले, तक्रार काहीच नाही. मात्र त्या एका आकड्यावर आमच्या घरात आता सगळे निर्णय होऊ लागले आहेत. भावाचे म्हणणे असे की सातारचे घर विकून दोघांना पुण्याला न्यावे. मी नोकरी सोडावी की रजा वाढवावी, या विचारात आहे. आईचा प्रश्न अगदी साधा आहे: हे पुन्हा माझ्याशी बोलतील का आणि सकाळचा पेपर वाचतील का? त्या आकड्यात तिच्या प्रश्नाचे उत्तर कुठे आहे, हे मला सापडत नाही.

म्हणून विचारते. हे भाकीत कशावर बेतलेले असते आणि त्यावर किती विसंबावे? हातापायांची सुधारणा आणि जगण्याची गुणवत्ता या दोन गोष्टी एकच धरायच्या का? धीर देण्यासाठी काही लिहू नये, जे खरे आहे तेच लिहावे, ही विनंती.

न्यूरो_कोल्हापूर

मृणालताई, मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या बाबांना मी तपासलेले नसल्यामुळे त्यांच्याविषयी निकाल देणार नाही, परंतु हे आकडे काय मोजतात ते सांगू शकतो.

एनआयएच श्रेणी ० ते ४२ अशी असते. शुद्ध, नजर, चेहरा, हात, पाय, संवेदना, भाषा, उच्चार अशा बाबी खाटेजवळच तपासून गुण देतात आणि गुण जितके जास्त तितकी इजा मोठी. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीतील रुग्णांचा अभ्यास करून १९९९ मध्ये असे दाखवले गेले की सुरुवातीला १६ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर मृत्यूची किंवा गंभीर अपंगत्वाची शक्यता मोठी असते, आणि ६ किंवा त्याहून कमी असतील तर चांगल्या सुधारणेची शक्यता मोठी असते. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितले त्यामागे हे १७ गुण, वय आणि स्कॅनमध्ये दिसलेल्या इजेचा आकार, एवढी सामग्री असणार. ती चुकीची नाही. अंदाज म्हणून ती प्रामाणिक आहे.

मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. या श्रेणीतले ७ गुण भाषेशी निगडित आहेत आणि एका बाजूकडे दुर्लक्ष होण्याच्या दोषाला फक्त २ आहेत. त्यामुळे डाव्या मेंदूच्या रुग्णाचे गुण वाचाघातामुळे, म्हणजे भाषा वापरण्याची क्षमता बिघडल्यामुळे, वाढतात, आणि उजव्या मेंदूला तेवढीच इजा झालेला रुग्ण कागदावर बरा दिसतो. बाबांच्या १७ गुणांपैकी काही वाचेचे असणारच. त्यांचा पायाच्या ताकदीशी थेट संबंध नाही. दुसरे असे की पहिल्या तासांतल्या गुणांपेक्षा काही दिवसांनंतरचे गुण पुढचे चित्र अधिक बरोबर सांगतात. १७ वरून १३ हा बदल म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

आता रॅन्किन. ग्लासगोच्या डॉ. रॅन्किन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अपंगत्वाच्या पायऱ्यांचे हे सुधारित रूप आहे. ० म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. ३ वर असलेल्या माणसाला काही मदत लागते पण तो दुसऱ्याच्या आधाराविना चालतो, भले हातात काठी असेल. ४ वर असलेल्याला चालायलाही माणूस लागतो आणि अंघोळ, शौच यांसाठीही. घरच्यांच्या दृष्टीने ३ आणि ४ यांमध्ये फार मोठे अंतर आहे आणि पहिल्या पंधरवड्यात नेमके तेच अंतर ओळखणे सर्वांत अवघड जाते. ९० दिवसांचा टप्पाही संशोधनाच्या सोयीसाठी ठरलेला आहे. कोपनहेगनमधल्या मोठ्या अभ्यासात ९५ टक्के रुग्णांनी दैनंदिन कामांतली आपली सर्वोत्तम पातळी साधारण साडेबारा आठवड्यांत गाठली होती, त्यामुळे तो टप्पा अगदीच मनमानी नाही. पण ही गोष्ट अंघोळ, कपडे, चालणे यांची झाली. भाषेचे आणि मनाचे घड्याळ वेगळे चालते.

आणखी एक गोष्ट मी माझ्या निवासी डॉक्टरांना नेहमी सांगतो. फार लवकर केलेले निराशेचे भाकीत स्वतःच स्वतःला खरे करून घेऊ शकते. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांबाबत हे २००१ पासून मांडले गेले आहे: "आता काही उपयोग नाही" असे ठरले की उपचारांचा जोर कमी होतो, रुग्ण दगावतो आणि भाकीत बरोबर ठरल्यासारखे दिसते. बाबांचा प्रसंग तसा नाही, परंतु "४ राहणारच आहेत" असे धरून व्यायाम आणि वाचोपचार ढिले पडले तर परिणाम त्याच जातीचा होईल.

हालचाल

मी गेली अनेक वर्षे पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. वर डॉक्टरसाहेबांनी लिहिलेल्या ३ आणि ४ मधल्या अंतराबद्दल खाटेजवळच बरेच काही कळू शकते आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

नेदरलँड्समध्ये २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास आमच्या रोजच्या कामात फार उपयोगी पडतात. पहिला पायाविषयी आहे. झटक्यानंतर ७२ तासांत जो रुग्ण पाठीला आणि हातांना आधार न देता ३० सेकंद बसू शकला आणि ज्याच्या लुळ्या पायाच्या स्नायूंत थोडा तरी जोर दिसला, तो सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्याला या दोन्ही गोष्टी जमल्या नाहीत त्याची शक्यता २७ टक्के होती आणि नवव्या दिवशीही जमल्या नाहीत तर ती १० टक्क्यांवर आली. दुसरा अभ्यास हाताविषयी आहे. बोटे थोडी तरी उघडता येणे आणि खांद्यातून हात बाजूला नेता येणे, या दोन हालचाली ७२ तासांत दिसल्या तर सहा महिन्यांनी हाताचा काही वापर परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के, न दिसल्यास २५ टक्के आणि नवव्या दिवशीही न दिसल्यास १४ टक्के. "काही वापर" हे शब्द मी जपून लिहिते आहे. पेला धरणे त्यात येते, फळ्यावर सुबक आकडे लिहिणे त्यात येतेच असे नाही.

तेव्हा रॅन्किनच्या आकड्याऐवजी तुमच्या फिजिओथेरपिस्टना पुढील गोष्टी विचारा. बाबा खाटेच्या कडेला, दोन्ही पावले जमिनीला टेकवून, किती वेळ तोल सांभाळतात? मांडी आवळायला सांगितली तर स्नायू हाताला लागतो का? बोटे मुठीतून सुटतात का? वाचाघातामुळे सूचना न समजणे आणि हालचाल खरोखर न होणे यांत गल्लत होऊ शकते, म्हणून आधी डाव्या बाजूने करून दाखवावे आणि मग उजवीकडे करवून घ्यावे.

एक गोष्ट भाकिताच्या पलीकडची असली तरी लिहिते, कारण घरी नेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती बिघडते. उजव्या काखेत हात घालून बाबांना कोणीही उचलू नये. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो. काखेतून ओढले की सांधा सैल होतो आणि मग महिनोन्महिने खांदा दुखतो. ज्याचा खांदा दुखतो तो झोपत नाही, जो झोपत नाही तो दिवसा व्यायामाला उठत नाही, आणि भाकितात कुठेही नसलेली ही वेदना पुढच्या सगळ्यावर सावट धरते. उचलताना कंबरेला पट्टा बांधून तो धरावा आणि बसलेले असताना उजवा हात उशीवर ठेवावा.

घरच्या मंडळींना शिकवले की सगळे साधते, असेही समजू नये. भारतातल्या १४ केंद्रांवर १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करून पाहिले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक आढळला नाही. कुटुंबाची मदत हवीच, पण तुमच्या आईने फिजिओथेरपिस्टची जागा घ्यावी अशी अपेक्षा कोणी करू नये. शक्य असेल तोवर प्रशिक्षित माणूस घरी येऊ द्या.

सिन्नरची सुनीता

मी डॉक्टर नाही. माझ्या यजमानांना काही वर्षांपूर्वी असाच डाव्या मेंदूचा झटका आला. त्यांचे हार्डवेअरचे दुकान होते. रुग्णालयात आम्हाला जे सांगितले गेले ते हातापायांच्या बाबतीत जवळपास तसेच घडले: काठी घेऊन चालतात, उजवा हात कामाचा राहिला नाही. तरीही आमचे दिवस कसे जातील याचा अंदाज त्या सांगण्यावरून आम्हाला आला नव्हता, आणि तुमच्या आईंच्या प्रश्नाचे मोल मला त्यामुळेच कळते.

सुरुवातीला ते "हो" एवढेच बोलायचे आणि नाही म्हणायचे असले तरी तोंडून "हो"च निघायचे. चहात साखर घालू का, हो. पंखा बंद करू का, हो. आणि मग पंखा बंद केला की चिडून खाटेवर मूठ आपटायची. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला शिकवले की तोंडाचा शब्द धरू नका, अंगठा बघा. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद, आणि उत्तराची वाट बघायची, मध्येच आपण वाक्य पुरे करायचे नाही. एवढ्या बदलाने घरातली निम्मी चिडचिड गेली. ही गोष्ट कोणत्या श्रेणीत मोजतात ते मला माहीत नाही, पण आमच्या घराला तिचा फार आधार झाला.

आमचा सर्वांत वाईट काळ रुग्णालयातला नव्हता. ते काठीने अंगणापर्यंत जायला लागले, नातेवाईक "आता तर चालायला लागले" म्हणून निर्धास्त झाले आणि त्याच सुमाराला त्यांनी जेवण कमी केले, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. आम्हाला वाटले थकवा असेल. थकवा होताच, अंघोळ केली की तासभर झोपावे लागे, पण हे वेगळे होते. औषध सुरू झाले आणि हळूहळू माणूस परत आला. म्हणून सांगते, पायांची प्रगती होत असतानाच मनाकडे लक्ष ठेवा.

आज कोणी मला त्यांच्या आयुष्याला दहापैकी गुण द्यायला सांगितले तर मी चार देईन. मागे तपासणीच्या वेळी त्यांना चित्रांची पट्टी दाखवून विचारले तेव्हा त्यांनी सातच्या जवळ बोट ठेवले. मला ते तेव्हा पटले नाही. नंतर विचार केला की दुकान गेल्याचे दुःख माझ्या मनात रोज ताजे असते, आणि ते मात्र नातवाबरोबर पत्ते खेळण्यात रमलेले असतात.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. सही बदलली म्हणून बँकेत अडवले तर घाबरू नका. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे काढता येतात, त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मृणाल, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. आज फिजिओथेरपिस्टना विचारले. बाबा खाटेच्या कडेला आधाराशिवाय बसतात, मिनिटभर तरी बसले. गुडघा थोडा सरळ करता येतो. बोटे मात्र अजिबात उघडत नाहीत. म्हणजे चालण्याची आशा बरी आणि हाताची कमी, असे मी समजते. हे ऐकून वाईट वाटले तरी "४" या आकड्यापेक्षा हे हाताळता येण्यासारखे वाटते. सुनीताताई, अंगठ्याची युक्ती आजच करून पाहिली. आईने "मृणालला पुण्याला पाठवू का?" असे विचारले आणि त्यांनी अंगठा खाली केला. बोलण्याविषयी आणि वाचण्याविषयी कोणी जाणकार सांगू शकेल का?

वाचा_आणि_श्रवण

मृणाल, मी वाचोपचारतज्ज्ञ आहे. वाचाघाताचे भाकीत हातापायांच्या भाकिताइतके काटेकोर करता येत नाही, हे आधी स्पष्ट करते. सुरुवातीची तीव्रता हा सर्वांत भरवशाचा निदर्शक आहे, आणि ऐकलेले समजण्याची क्षमता टिकून असेल तर वाटचाल सामान्यतः अधिक चांगली होते. बाबांनी आईचा प्रश्न समजून त्याला नकार दिला, ही त्या दृष्टीने फार चांगली खूण आहे. तो प्रश्न साधा हो-नाहीचा असला तरी त्यात तीन गोष्टी लक्षात ठेवून उत्तर द्यायचे होते. पण एका उत्तरावर भरवसा ठेवू नका. उलट अर्थाचे प्रश्नही अधूनमधून विचारून पाहा, म्हणजे अंगठा खरोखर समजून हलतो की सवयीने, हे कळेल.

वेगाने होणारी सुधारणा पहिल्या काही महिन्यांत दिसते, परंतु दार त्यानंतर बंद होत नाही. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या, ७० वर्षांपर्यंतच्या रुग्णांना किमान तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास असे सखोल वाचोपचार दिले, तेव्हा त्यांचे रोजचे बोलणे मोजता येईल इतके सुधारले. आपल्याकडे आठवड्यातून अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रे होतात आणि मग "उपयोग झाला नाही" असे म्हटले जाते. हे मला नेहमी खटकते.

वाचनाबद्दल आईंना असे सांगा की संपूर्ण बातमी वाचणे ही शेवटची पायरी आहे. मथळा आणि छायाचित्र यांची जोडी लावणे, ओळखीच्या माणसाच्या नावावर बोट ठेवणे, हवामानाच्या रकान्यातले आकडे पाहणे, हे सगळे वाचनाच्याच वाटेवरचे आहे. गणिताच्या शिक्षकाच्या बाबतीत अंक आधी परततील की अक्षरे, हे मी येथून सांगू शकत नाही. वाचाघातात अंकही बऱ्याचदा अडखळतात. तरीही सकाळचा पेपर हातात देणे आजपासूनच सुरू करावे, आईंनी शेजारी बसून एकच मथळा मोठ्याने वाचावा.

तुमच्या मूळ प्रश्नाशी निगडित अशी एक बाब मला महत्त्वाची वाटते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात दीर्घकालीन शुश्रूषा घेणाऱ्या ६६ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जगण्याच्या गुणवत्तेशी सर्वांत मोठा प्रतिकूल संबंध वाचाघाताचा आढळला, कर्करोग आणि अल्झायमर यांच्याहूनही मोठा. असे असूनही गुणवत्तेच्या कित्येक अभ्यासांतून वाचाघात झालेले रुग्ण वगळले जातात, कारण प्रश्नावली भरायला भाषा लागते. म्हणजे ज्यांच्याबद्दल सर्वांत जास्त जाणून घ्यायला हवे त्यांच्याच बाबतीत आपले भाकीत सर्वांत कमकुवत आहे. लंडनमध्ये वाचाघात झालेल्यांसाठी मुद्दाम तयार केलेली ३९ प्रश्नांची मुलाखत-प्रश्नावली ही त्यातली एक चांगली सुधारणा.

आकडेमोड

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात सांख्यिकीचे काम करतो. मृणालताईंनी विचारलेला दुसरा प्रश्न, म्हणजे हालचाल आणि जगण्याची गुणवत्ता एकच का, याला माझे उत्तर "नाही" असे आहे आणि त्याची कारणे मोजमापातच आहेत.

रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ सालचा, १०० गुणांचा. त्यात जेवण, अंघोळ, शौचावरचा ताबा, जिना चढणे असे दहा विषय आहेत, पण बोलणे, वाचणे, उदासी, थकवा यांतले काहीच नाही. पक्षाघातासाठी १९९९ मध्ये तयार झालेल्या गुणवत्तेच्या प्रश्नावलीत १२ क्षेत्रे आहेत आणि त्यांत भाषा, मनःस्थिती, उत्साह, कुटुंबातले स्थान, सामाजिक भूमिका, विचारशक्ती यांना जागा आहे. पहिल्या आठवड्यात जे मोजता येते ते बहुतेक बार्थेलच्या बाजूचे असते, म्हणून भाकीतही त्याच बाजूचे निघते.

जगण्याची गुणवत्ता मोजण्यासाठी युरोपात रूढ झालेल्या ईक्यू-५डी या मापनाची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. त्यात चालणे, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-उदासी असे पाच प्रश्न असतात. त्यावरून निघणारा एकत्रित आकडा मात्र सर्वसामान्य जनतेला "अशा अवस्थेचे तुम्ही काय मोल कराल" असे विचारून ठरवलेला असतो. काही अवस्थांना शून्याखालचे, म्हणजे मृत्यूपेक्षाही वाईट असे मोल मिळते. ते मोल करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती अवस्था भोगलेली नसते. सुनीताताईंनी दिलेले चार आणि त्यांच्या यजमानांनी दाखवलेले सात हा फरक संशोधनातही सातत्याने दिसतो: जवळची माणसे रुग्णाच्या जगण्याला रुग्णापेक्षा कमी गुण देतात, विशेषतः भावनेच्या प्रश्नांवर. जर्मनीतील २०१४ च्या एका चाचणीत साठीपुढच्या, मेंदूला मोठी सूज आलेल्या रुग्णांच्या कवटीचा भाग काढून जीव वाचवला गेला. त्यांतला एकही जण रॅन्किन ० ते २ वर पोहोचला नाही. तरीही वर्षभराने विचारल्यावर रुग्णांपैकी किंवा त्यांच्या काळजीवाहकांपैकी बहुसंख्यांनी या उपचाराला पुन्हा संमती दिली असती असे सांगितले. याचा अर्थ सगळे सुखी होते असा मी काढत नाही. बाहेरून केलेला अंदाज किती चुकू शकतो, एवढाच काढतो.

शिवाय वर आलेले बहुतेक आकडे श्रीमंत देशांतल्या, पुनर्वसनाची नियमित सोय असलेल्या रुग्णालयांतले आहेत. गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले, सुमारे १४ टक्के. तिथल्या माणसाला नेदरलँड्सचे ९८ टक्के जसेच्या तसे लावता येणार नाहीत. साताऱ्यात फिजिओथेरपी मिळते आहे, तेव्हा तुमची परिस्थिती मधली म्हणता येईल.

न्यूरो_कोल्हापूर

मृणालताईंच्या निर्णयांबद्दल थोडे लिहितो. बाबा बसतात आणि गुडघा हलवतात, हे ऐकून ३ ची आशा धरणे मला वाजवी वाटते. उजव्या हाताबद्दल तुमचा निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. म्हणून डाव्या हाताने जेवणे, गुंड्या लावणे, लिहिणे हे आत्ताच शिकवायला घ्या, उजव्याची वाट पाहत थांबू नका.

घर विकणे आणि नोकरी सोडणे हे तीन महिन्यांच्या तपासणीपूर्वी करू नये, कारण त्या वेळी हाती येणारी माहिती आजच्या माहितीपेक्षा कितीतरी पक्की असेल. शक्य असेल तर रजा वाढवा. कमोड, संडासात भिंतीला पकडदांडा, खाटेची योग्य उंची, रात्री दिवा, यांना मात्र थांबू नका. घर दुमजली असेल तर तूर्त खाली झोपण्याची सोय करा. आणि पुण्याबद्दल बाबांचा अंगठा खाली गेला आहे, ही माहिती भावालाही सांगा. घराचा निर्णय होईल तेव्हा हाच प्रश्न त्यांनाही विचारावा.

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येते आणि जगण्याच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध फार घट्ट आहे. सर्वांना सरसकट नैराश्याचे औषध सुरू करून हातापायांची सुधारणा वाढत नाही, हे २०१८ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे. पण नैराश्य आढळले तर त्यावर उपचार करायलाच हवेत. वाचाघातात माणूस "मला उदास वाटते" असे सांगू शकत नाही, म्हणून जेवण, झोप, रडणे, व्यायामाला नकार यांची नोंद आईंनी वहीत ठेवावी आणि प्रत्येक भेटीत दाखवावी.

शेवटी, या धाग्यात अजून कोणी न लिहिलेली गोष्ट. दुसरा झटका आला तर आजची सगळी भाकिते रद्द होतात. घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा की गुठळी कुठून आली असावी, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली का आणि हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे किती काळ यंत्र लावून पाहिले. ठोके अनियमित निघाले तर रक्त पातळ करणारे औषध वेगळे लागते. रक्तदाबाचे यंत्र घरी घ्या, दंडावर पट्टा बांधायचे घ्या, आणि मोजताना पट्टा डाव्या हाताला बांधा.